नदी ओलांडली की टायर बदलतात का? (ट्रेलर, ५५ आणि ७५)

पायवाट

कॅम्पिंगच्या धाग्यावर परवा एका सदस्याने नवीन ट्रेलर घेतलेल्या बिचाऱ्याला दिलेला सल्ला जसाच्या तसा डकवतोय: "ट्रेलर असो नसो, ट्रॅफिकच्या वेगाने जायचं. ५५ ने रांगणारेच अपघात घडवतात. आमच्या ॲरिझोनात असले बायकी नियम नाहीत. ७५ ला क्रूझ लावा आणि निवांत कॉफी प्या." यावर अकरा जणांचं +१. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळी चूल मांडावी.

कॅलिफोर्नियात मागे काहीही ओढत असाल तर ताशी ५५ मैल. बोट, घोडा, भाड्याचं खोकं, दोन सायकली टाकायचा टिल्लू ट्रेलर, काहीही. तिथल्या वाहन कायद्याचं कलम २२४०६. शिवाय उजवी लेन सोडायची नाही. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असल्या तर उजवीकडच्या दोन तुमच्या. आय-१० महामार्गाने सीमेवरच्या ब्लाइथचा पूल ओलांडला की ॲरिझोना, तिथे आपल्यासारख्यांच्या ट्रेलरला वेगळी मर्यादा नाही, गावाबाहेर सरसकट ७५. नेवाडात आय-८० च्या काही पट्ट्यांत तर ८०. हे सगळं मान्य. पण माझा प्रश्न साधा आहे. कोलोरॅडो नदी ओलांडली की माझ्या ट्रेलरच्या टायरांना नवं रबर फुटतं का? ट्रेलरचे खास एसटी (स्पेशल ट्रेलर) टायर वर्षानुवर्षं ६५ मैलांच्या हिशोबाने बनत आले, वेगळं काही छापलेलं नसेल तर अजूनही तेच धरायचं. टायरला राज्य कळत नाही.

आता माझी गोष्ट. मीही पूर्वी ५५ वाला नव्हतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी, आय-५ दक्षिणेला, मागे चोवीस फुटी ट्रेलर. कोलिंगाच्या गोठ्यांचा वास नाकातून नुकता गेला होता. मी ६७ ला. पुढे ट्रक ६० ला, म्हणून त्याला ओलांडायला डावीकडे घेतलं. ट्रकच्या नाकाशी पोचलो आणि स्टिअरिंग बोटांत हलकं झालं. आधी बोटांनाच कळतं, डोळ्यांना नंतर. डाव्या आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि प्रत्येक वेळी थोडी जास्त. बायकोने थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरला, का ते तिलाही सांगता येणार नाही. माझा पाय ब्रेककडे निघाला होता. तो दाबला असता तर आज हा धागा नसता. कुठेतरी वाचलेलं आठवलं, ॲक्सिलरेटर सोडला, चाक सरळ धरलं आणि डॅशबोर्डखालची ट्रेलरच्या ब्रेकची कळ अंगठ्याने दाबली. ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. पाच-सहा सेकंदांचा मामला. पुढच्या एक्झिटला थांबलो तेव्हा हात इतके थरथरत होते की चहा झाकणात ओतता आला नाही.

तेव्हापासून ५५. बरं, ५७-५८, खोटं कशाला बोलू. मागून दिवे मारणाऱ्यांनी खुशाल मारावेत.

रखरखाट

तो सदस्य मीच. नाव घ्यायची हिंमत नव्हती का? धागा माझ्या नावाने काढता आणि मला "एक सदस्य" म्हणता.

तुमची कथा वाचली. थरारक आहे. एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत, सामान कुठे भरलं होतं? ट्रेलर उगाच शेपूट हलवत नाही. सायकली मागच्या बंपरला टांगल्या असणार, पैज लावतो.

आता वेगाचं. ५५ हा आकडा आला कुठून? १९७४ ला निक्सनने देशभर लावला, अरबांनी तेल बंद केलं म्हणून. पेट्रोल वाचवायला, माणसं नव्हे. १९९५ ला तो गेला, सगळा देश मोकळा झाला, कॅलिफोर्नियाने गाड्यांना ६५-७० दिलं आणि ट्रेलरवाल्यांना मात्र त्याच काळात ठेवलं. आय-५ वर दोनच लेन, गाड्या ८० ने येतायत, आणि तुम्ही ५७ ने. वेगातला हा फरक माणसं मारतो. मी चौदा वर्षं लेक हवासूला बोट नेतोय, ७२-७५ ने, कॉफी पीत. एकदाही शेपूट हललं नाही.

आणि माझीही कथा ऐका. सॅन डिएगोला बोट नेत होतो. चिरियाको समिट उतरून इंडिओकडे चाललो होतो, ७१ ला. आजूबाजूच्या गाड्या मला ओलांडून जातायत. पोलीसमामाने नेमकं मलाच बाजूला घेतलं. मी म्हटलं, साहेब, इथे पाटी ७० ची आहे, एक मैल जास्त. तो म्हणाला, "तुमच्यासाठी ५५, सोळा मैल जास्त." माझं लायसन्स ॲरिझोनाचं, नंबरप्लेट ॲरिझोनाची, चाळीस मैलांपूर्वी मी जे कायदेशीर करत होतो तेच इथे गुन्हा. एक देश म्हणे.

पायवाट

चाळीस नव्हे, ब्लाइथपासून तिथपर्यंत सत्तरच्या आसपास मैल आहेत. तेवढ्यात मर्यादेची पाटी दिसली नाही? ट्रेलर ओढणाऱ्यांचा उल्लेख असतो तिच्यावर. ज्या रस्त्यावर चाकं, त्या रस्त्याचा कायदा. लायसन्स कुठलं याचा काय संबंध?

हो, सायकली मागे होत्या. चार. आणि मागच्या कप्प्यात जनरेटर. नंतर ट्रकच्या काट्यावर वजन केलं: ट्रेलर ५,४०० पौंड, हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडावर, फक्त २९०.

रखरखाट

२९०! म्हणजे साडेपाच टक्के! दहा ते पंधरा हवेत! हाहाहा. म्हणजे सामान चुकीचं भरलं तुम्ही आणि खापर वेगावर. प्रकरण संपलं.

कृष्णाकाठचा

अमेरिकेतल्या थोर मंडळींनो, तुमचं ५५ का ७५ चालू द्या. आमच्याकडे ट्रेलरचा वेग ताशी पंधरा किलोमीटर आहे आणि तरी माणसं मरतात.

गळीत हंगाम सुरू झाला की जयसिंगपूर-सांगली, हातकणंगले, शिरोळ, सगळीकडे तेच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना आणि मागे लोंबलेला, मागे दिवा नाही, पुढे गाणी इतक्या मोठ्याने की हॉर्न ऐकू जात नाही. माझा मामेभाऊ रात्री साडेनऊला मोटारसायकलवरून घरी येत होता. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. रात्री ऊस दिसत नाही हो, ऊस काळाच दिसतो. समोरून एका गाडीचा अप्पर डोळ्यावर, आणि हा सरळ मागे घुसला. तो गेला. आणि मला आजही झोपेत काय दिसतं सांगू? आम्ही पोचलो तोवर ट्रॉली दुरुस्त करून नेली होती. मागे लावलेले चार दगड मात्र तिथेच होते. त्या दगडांवर त्याच रात्री अजून एक घसरला.

वंगण

@कृष्णाकाठचा, वाईट वाटलं.

मूळ विषयाबद्दल. मिशिगनला आहे, पोटापाण्याचा धंदा सस्पेन्शनचा, म्हणून तोंड घालतो. दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

फिरत्या पट्ट्यावर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडी-ट्रेलरचा प्रयोग बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वजनं ट्रेलरच्या पुढच्या भागात असली की बोटाने टिचकी मारा, ट्रेलर दोनदा डुलतो आणि गप्प होतो. तीच वजनं ॲक्सलच्या मागे सरकवा, तीच टिचकी, आणि डुलणं वाढत जाऊन गाडीसकट आडवा. इथपर्यंत रखरखाट जिंकले. पण पट्ट्याचा वेग कमी करा, मागे वजन असलेला ट्रेलरही सरळ चालतो. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली डोलणं विरतं, त्याच्या वर वाढतं. चांगलं भरलेल्या ट्रेलरचा तो वेग तुम्ही कधी गाठणारच नाही. वाईट भरलेल्याचा ६७ ला येतो. म्हणजे चूक भरण्याची होती आणि मारणारा वेग होता. "किंवा" नाही, "आणि". शिवाय ५५ वरून ७५ ला गेलात की ऊर्जा जवळपास १.८६ पट होते. ती कुठेतरी जिरवावी लागते.

वेगाच्या फरकाबद्दल: रखरखाट ज्याच्या जिवावर बोलतायत तो सॉलोमनचा १९६४ चा वेग आणि अपघातांचा आलेख. सरासरीपेक्षा फार हळू आणि फार जोरात दोन्ही धोक्याचे, इंग्रजी यू सारखा. पण तो बहुतेक दुपदरी ग्रामीण रस्त्यांचा, आणि हळू वाल्यांत वळायला वेग कमी केलेल्या गाड्याही मोजल्या गेल्या, असा त्यावर जुना आक्षेप आहे. तो आलेख आय-५ ला जसाच्या तसा चिकटवू नका. मात्र फरक धोक्याचा नाहीच, असंही म्हणणार नाही. रात्री ५७ ने जाणाऱ्या ट्रेलरच्या मागे मी स्वतः दोनदा दचकलोय.

हांबुर्गकर

जर्मनीत अख्ख्या देशाला एक नियम. ट्रेलर असला की ८० किमी, ऑटोबानवरही. १०० हवे असतील तर गाडी-ट्रेलरची जोडी नियमात बसवा, मागे १०० चा स्टिकर लावा, आणि ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत. विषय संपला. पन्नास राज्यं, पन्नास आकडे, मग धागे काढायचे. गंमत आहे.

रखरखाट

आले जर्मन. आता थोड्या वेळात कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांवर येतील.

@वंगण, "अर्धे बरोबर" ही प्राध्यापकांची आवडती पळवाट.

फडकरी

@कृष्णाकाठचा

तुमच्या भावाचं वाईट झालं. पण सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना एका दोरीत बांधताय ते काय पटलं नाही. माझे दोन ट्रॅक्टर आहेत, निपाणी भागातून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कारखान्याला ऊस टाकतो. नऊ वर्षं झाली.

तुम्ही म्हणताय दगड ठेवून गेले. रात्री साडेनऊला, पोटात अन्न नाही, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायला दीड दिवस, आणि वीस टनाच्या खाली जॅक लावून एकदा झोपून बघा. मग दगड आठवतात का बघू. चूक आहे, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ती का होती ते तुम्हाला ठाऊक न्हाई.

रिफ्लेक्टरचं म्हणाल तर हंगामाच्या सुरुवातीला कारखाना पट्ट्या वाटतो, साहेब येतात, फोटो निघतात, पेपरात येतं. पट्टी कुठं लावायची? फाळक्याला, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या फळीला. ऊस भरला की फाळक्याच्या बाहेर दोन हात लोंबतो. पट्टी झाली गायब. आणि फडात चिखल. दुसऱ्या खेपेला पट्टी कुठली आणि ट्रॉली कुठली कळत न्हाई.

राज्याराज्याचं तुमचं जे चाललंय ते आम्हालाही हाय. कायदा दिल्लीचा एकच, पण कागलच्या अलीकडं महाराष्ट्रात वेगळं विचारतात, कोगनोळीच्या पलीकडं कर्नाटकात वेगळं. एकीकडं दोन ट्रॉल्यांवरनं, दुसरीकडं कागदावरनं. ऊस मात्र दोन्हीकडं सारखाच वाळतो.

कृष्णाकाठचा

म्हणजे तुम्हाला नंबर लागायला दीड दिवस लागतो म्हणून आमची माणसं मरायची? वा. वीस टन कशाला भरता? दोन खेपा करा की. पण नाही, एका डिझेलमध्ये दोन ट्रॉल्या बसतात ना. मुकादमाची उचल फेडायची, वर ट्रॅक्टरचा हप्ता, वर स्पीकर. हप्त्याला पैसे नाहीत पण स्पीकरला आहेत.

फडकरी

स्पीकर कशाला असतो सांगू? झोप येऊ नये म्हणून. पहाटे तीनला तवंदी घाट चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्त्यावरनं उचलतात, स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं, पोरगं बॉनेटवर बसवावं लागतं वजनाला. हे तुम्ही पुण्यात एसीत बसून वाचताय. गाणं नसलं तर डोळा लागतो.

नारायणपेठी

बॉनेटवर पोरगं बसवावं लागतं हे अभिमानाने सांगताय? धन्य.

माझी तक्रार वेगळीच आहे. एक्स्प्रेसवेवर ट्रॅक्टरला बंदी आहे, फलक आहेत, तरी उजव्या लेनमधून सत्तरने जाणारे कंटेनर कुणीच काढत नाही. डावीकडून ओलांडावं लागतं. लेन म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला कळलंच नाही. दर रविवारी लोणावळ्याच्या अलीकडे

फडकरी

अभिमान कुणी म्हटलं? उसाचा दर मागायला आम्ही रस्त्यावर आलो की तुम्हीच म्हणता ट्रॅफिक अडवलं. साखर चाळीस-पन्नासच्या वर गेली की तुमचीच बोंब. आणि ती साखर काय ढगातनं पडते?

कृष्णाकाठचा

भावनिक होऊ नका. माझा भाऊ साखरेच्या दरात मोजू नका.

संपादक

वैयक्तिक टीका टाळावी. नारायणपेठी, एक्स्प्रेसवेच्या लेनचा धागा आधीच आहे, सहाशे प्रतिसादांचा, तुमचाच.

पायवाट

माझा धागा ट्रेलरच्या वेगाबद्दल होता. नुसतं सांगून ठेवतोय.

पश्चिमवारा

"बायकी नियम" वाचून आले. रखरखाट, बसा जरा.

सिएटलहून सॅन होजेला बिऱ्हाड हलवलं तेव्हा भाड्याचा ट्रेलर मी ओढला, सगळा आय-५. नवऱ्याला ट्रेलर उलटा घेता येत नाही. स्टिअरिंगच्या चाकाला वरच्या बाजूला धरतो आणि मग डावं-उजवं उलटं होतं म्हणून ट्रेलरवर ओरडतो. चाकाला खालच्या बाजूने धरायचं, हात जिकडे तिकडे ट्रेलरचं बूड. एवढंच. बारा वर्षांत त्याला पटलं नाही.

वॉशिंग्टनमध्ये ट्रेलरला ६०. मग ऑरेगन, मग कॅलिफोर्निया ५५. मी म्हटलं तीन राज्यांचे तीन आकडे कोण लक्षात ठेवणार, आणि मग ट्रेलरच्या मडगार्डवरच लिहिलेलं दिसलं, कमाल ५५. कंपनीचंच. आतल्या भिंतीवर रेघ मारून लिहिलेलं की साठ टक्के वजन पुढे. म्हणजे तुमच्या दोघांच्या अख्ख्या भांडणाचं उत्तर भाड्याच्या खोक्यावर स्टिकर लावून मिळतं. सिस्किऊ समिटला, आय-५ वरची सगळ्यात उंच जागा ती, उतरताना माझ्या पुढे एक मोठा ट्रेलर होता, बोटीचा, ॲरिझोनाची प्लेट. ब्रेकचा वास माझ्या गाडीत येत होता. तुम्ही नव्हता ना?

रखरखाट

मी ऑरेगनला जात नाही, तिथे पाऊस पडतो.

"बायकी" शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. भाड्याच्या कंपनीचं ५५ हे वकिलांचं ५५ आहे. त्यांच्याकडे येणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ट्रेलर ओढत असतो, सोफा मागे आणि पुस्तकं पुढे की उलट ते त्याला माहीत नसतं. मला माहीत आहे.

वंगण

रखरखाट, एक काम करा. बाहेर जा, बोटीच्या ट्रेलरच्या टायरची भिंत बघा. दोन गोष्टी सांगा. आकाराच्या शेजारी वेगाचं अक्षर आहे का, आणि डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे.

जाता जाता, @फडकरी: तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत? कॅलिफोर्नियात १,५०० पौंडाच्या वरच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, बऱ्याच राज्यांत ३,००० च्या वर. तुमचे वीस टन म्हणजे ४४,००० पौंड.

फडकरी

ट्रॉलीला ब्रेक? साहेब, चेष्टा करताय का. ब्रेक ट्रॅक्टरला. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते, पुढची ट्रॅक्टरला. म्हणून पहिल्या गिअरमध्ये उतरायचं, क्लच दाबायचा न्हाई, काही झालं तरी. नवीन ड्रायव्हर क्लच दाबतो आणि मग पिन तुटते नायतर सगळंच आडवं. दोन वर्षांपूर्वी माझीच मागची ट्रॉली उतारावर पिन निघून सुटली. डाव्या हाताला शेत होतं म्हणून शेतात गेली. उजव्या हाताला शाळा होती. त्या दिवसानंतर साखळी लावतो पिनेच्या जोडीला.

कृष्णाकाठचा

हे आधी सांगितलं असतं तर इतकं बोललो नसतो. कदाचित बोललो असतो.

पश्चिमवारा

साखळी इथे सक्तीची आहे. दोन, ट्रेलरच्या जिभेखाली (पुढच्या दांड्याखाली) एकमेकींवरून तिरक्या. हिच सुटला तर जीभ साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. फडकरी, तुमची एक असेल तर दुसरी लावा.

फडकरी

तिरक्या हे डोक्यात आलं नव्हतं. बघतो.

रखरखाट

बाहेर जाऊन आलो. ११० डिग्री फॅरेनहाइट आहे, लक्षात असू द्या, तुमच्यासाठी गेलो.

वेगाचं अक्षर नाही. कुठेच. चष्मा लावून बघितलं. शेवटचे चार आकडे: २३१५.

वंगण

२०१५ चा तेविसावा आठवडा. अक्षर नाही म्हणजे ६५ धरायचं. फिनिक्सच्या उन्हात, अंगणात उभे, इतकी वर्षं. त्यावर तुम्ही ७५ ने कॉफी पिताय.

पायवाट

मी काहीच बोलत नाही. फक्त इथे बसलोय. हातात चहा आहे आणि हात थरथरत नाहीत.

रखरखाट

बोलू नका. बोट वर्षातून चार वेळा जाते, ट्रेड नवाकोरा आहे, नखाने दाबून बघितलं.

वंगण

ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. भिंतीवर बारीक भेगा आहेत का? वॉल्व्हच्या आसपास बघा.

रखरखाट

आहेत.

ठीक. टायर बदलतो. हांबुर्गकर, तुम्ही गप्प बसा, सहा वर्षं सहा वर्षं ऐकू येतंय मला. पण मुद्दा सोडत नाही: नवे टायर, हिचवर बारा टक्के, कोरडा सरळ रस्ता, ॲरिझोना. ६५ ने जाईन, ७२ ने नाही. ५५ ने जाणार नाही म्हणजे नाही. आणि कॅलिफोर्नियात गेलोच तर एखाद्या ट्रकच्या मागे लागेन, म्हणजे दिवे मला नाही, त्याला मारतील.

पायवाट

म्हणजे दहा मैल कमी केलेत. अकरा +१ वाल्यांनाही कळवा.

मीही एक कबूल करतो. त्या प्रवासात वेग ५५ असता तरी सायकली पुढे हव्याच होत्या. आता त्या पिकअपच्या पेटीत असतात. आणि चढावर मागे पाच गाड्या साठल्या की टर्नआउटमध्ये, म्हणजे वाट द्यायच्या कडेच्या जागेत, घेतो. तसा कायदाच आहे, दुपदरी रस्त्यावर, पण मी तो आधी पाळत नव्हतो. मागच्यांचे दिवे अगदीच विनाकारण नव्हते.

नारायणपेठी

टर्नआउट! आपल्या घाटांत असं काही केलं तर? वरंध घाटात मागच्या पावसाळ्यात

कृष्णाकाठचा

@फडकरी, लाल एलईडीच्या पट्ट्या मिळतात, बॅटरीवरच्या, मागे कापड बांधावं तशा उसालाच बांधता येतात. फाळक्याला नाही, उसाला, म्हणजे झाकल्या जात नाहीत. कोल्हापुरात सायकलच्या दुकानातही मिळतात. किती ट्रॉल्या आहेत तुमच्या?

फडकरी

चार. चिखल लागला की बंद पडतील.

कृष्णाकाठचा

पडल्या तर दुसऱ्या देतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. स्पीकरबद्दल माझं मत तेच आहे.

फडकरी

स्पीकर राहणार.

रखरखाट

एसटी २०५/७५ आर१५ घेतोय. लोड रेंज (भार पेलायचा दर्जा) सी घेऊ का डी? बोट, मोटर आणि पेट्रोल धरून ३,३००. आणि संपादकांनी नोंद घ्यावी, हा प्रश्न धाग्याच्या विषयाला धरून आहे.

वंगण

डी. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, भिंतीवरच्या आकड्याइतकी. तुमच्याकडे थंड म्हणजे पहाटे चार.